अर्ध्या ओटीचा दावा

जिनिंगच्या पाळण्यात बायकांनी चढू नये असा नियम होता, हे आम्हाला अक्काचा हात चिरडल्यावर कळलं. तोवर मुकादमच खालून ओरडायचा, "चढा की गं पटापटा, जिन्यानं मिरवत जायला काय वरातीत आलाव?" आणि बाया कापसाच्या बोजासकट पाळण्यात शिरायच्या. नियम मोडून कुणाचं तरी नुकसान होईपर्यंत तो कुणाच्या गावी नसतो, आणि नुकसान झालं की ज्याला त्याला तो तोंडपाठ असतो. मुकादमालाही तो त्याच दिवशी पाठ झाला.

पाळणा म्हणजे लिफ्टच. पण लिफ्ट हा शब्द मी पुढं फार वर्षांनी गुलबर्ग्याच्या दवाखान्यात ऐकला. आमचं गाव भालकी तालुक्यात, रेल्वेच्या रुळांना लागून, आणि स्टेशनाजवळ कापसाची जिनिंग. सरकी काढायची यंत्रं वरच्या मजल्यावर होती आणि कापसाच्या गाड्या खाली अंगणात रित्या व्हायच्या. तो कापूस वर न्यायला जाड लाकडाची एक चौकट तारेच्या दोरावर टांगलेली होती. इंजिनाच्या पट्ट्यावर ती वरखाली व्हायची. तिला दार नव्हतं, कठडा नव्हता, आणि वरच्या मजल्याशी ती कधी नीट जुळून थांबायचीही नाही. थोडी खालीच थांबायची. मग बाया आधी बोजा वर ढकलायच्या, मजल्याच्या कडेला हात टेकवायच्या आणि स्वतःला वर ओढून घ्यायच्या. सगळ्या तसंच करायच्या.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. आमच्याकडं माणसं मराठी बोलता बोलता कानडीत शिरतात आणि कानडीतून इकडच्या दखनी उर्दूत, म्हणून जाऊबाई न म्हणता अक्का. मी मुडबीहून लग्न होऊन या घरात आले तेव्हा सातवी शिकलेली होते, तोंडानं फटकळ आणि स्वयंपाकात कच्ची. अक्काला अक्षर येत नव्हतं आणि तिनं कुणाला उलट उत्तर दिलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. तसं आमचं जमायला नको होतं. पण माझी भाकरी परातीतच फाटली की ती आपली एक चांगली भाकरी उचलायची आणि जेवायला बसलेल्यांना सांगायची, "ही धाकटीनं केली." थोरले भावजी, म्हणजे तिचा नवरा, जिनिंगचीच बैलगाडी हाकायचे. आमच्या घरचे, म्हणजे माझा नवरा, प्राथमिक शाळेत मास्तर. चौघं एका चुलीवर जेवायचो.

अक्का आमच्याच तालुक्यातल्या मेहकरची. ती रांगत होती तेव्हाच तिची आई गेली आणि मागोमाग बापही. चुलत्यानं वाढवलं, लग्न लावून दिलं आणि त्यानंतर त्या घरातून कुणी तिचं नाव काढलं नाही. लग्नाला आठ-नऊ वर्षं होऊन गेली होती, मूलबाळ नव्हतं, आणि माहेरच्या माणसानं तिची ओटी भरली असं एकदाही झालं नव्हतं. माझी पहिली दिवाळी मुडबीला झाली. परत आले तर तिनं फराळाचा डबा बाजूला ठेवला आणि विचारलं, "तू निघताना तुझी आई काय करती गं? उभी ऱ्हाती का आत जाती?" मी म्हटलं, वेशीपर्यंत येते आणि मग रागावते, उशीर केलास म्हणून. अक्काला ते फार आवडलं. दोन दिवस ती मधूनच हसून म्हणायची, "रागावती म्हण."

अपघात झाला तो ऐन हंगामात. अक्कानं बोजा वर ढकलला, कडेला हात टेकवला, आणि पट्टा सटकला. पाळणा खाली बसला आणि चौकटीचं वरचं लाकूड तिच्या उजव्या हातावर आलं. मी तिथं नव्हते. बायांनी सांगितलं की ती ओरडली नाही, नुसती "हात, हात" म्हणत राहिली. इंजिन थांबवून पाळणा उचलेपर्यंत ती तशीच लोंबकळत होती. भावजींनी गाडीतल्या कापसाच्या गाठी उतरवून टाकल्या आणि त्याच गाडीत तिला घरी आणलं. गावातल्या डॉक्टरांनी हात बांधून दिला आणि म्हणाले, पट्टी सोडल्यावर बघू.

त्याच आठवड्यात अव्वा आमच्या घरी आल्या. जिनिंगच्या मालकाला गाव अप्पा म्हणायचं आणि त्यांच्या बायकोला अव्वा. आमच्याच समाजातली, पण पैशानं फार वरची माणसं. अव्वांच्या मागून कामाच्या बाईच्या डोक्यावर परात आली. त्यात इरकली लुगडं, खण, नारळ, हळकुंडं, खारका आणि तांदूळ. अव्वांनी अक्काला पाटावर बसवलं आणि कपाळाला कुंकू लावलं. ओटी घेताना बाईनं दोन्ही हातांनी पदर पसरायचा असतो. अक्काचा एक हात पट्टीत, म्हणून पदराचं एक टोक तिनं धरलं आणि दुसरं मी. अव्वांनी ओंजळीओंजळीनं ओटी भरली आणि म्हणाल्या, "तुला आई न्हाई म्हणून ऐकलं. माझ्या पोटाला लेक न्हाई. आजपास्नं तू माझी लेक."

अक्का हुंदके देऊन रडली. हात चिरडला तेव्हा न रडलेली बाई त्या एका वाक्यानं रडली. माझे डोळे सहजासहजी भरत नाहीत, पण तेव्हा भरले.

आमच्याकडं ओटी तेवढ्यावर पुरी होत नाही. जिची ओटी भरली तिनं त्यातले पाच दाणे उजव्या हाताच्या चिमटीत घ्यायचे आणि भरणारीच्या परातीत माघारी घालायचे. दिलं ते घर रितं होऊ नये म्हणून. अक्काचा डावा हात ओटीकडं गेला आणि तिथंच थांबला. डाव्या हातानं कुणी असं देत नाही. अव्वांच्या ते लक्षात आलं. "ऱ्हाऊ दे बाळ," त्या म्हणाल्या, "हात बरा झाला की घरी ये आन् घाल." त्या गेल्यावर अक्कानं ओटीचे तांदूळ मला शिजवायला दिले, मूठभर मात्र काढून खणात गाठ मारून ठेवले.

हात बरा झाला नाही. पट्टी सोडली तेव्हा बोटं काळी पडलेली होती. बिदरच्या दवाखान्यात अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं काढून टाकावी लागली. उरलेली दोन बोटं ताठ झाली. भाकरी थापणं गेलं, दळण गेलं, चिमटीत मीठ धरणंसुद्धा गेलं. अप्पांनी भावजींना सांगितलं, "काळजी करू नको, तिला सरकी निवडायला बसवू. पोटाला कमी पडू देणार न्हाई." अक्का दोन-तीन दिवस गेली. मग मुकादमानं तिला घरी पाठवलं, एका हाताची बाई काय निवडणार म्हणून. अव्वांनी एकदा तांब्याभर दूध पाठवलं. स्वतः आल्या नाहीत. मी तसं म्हटलं की अक्का म्हणायची, "मोठ्या घरची बाई, सारखी कशी यील?"

पोलीस ॲक्शन होऊन चार-पाच वर्षं झाली होती. निजामाचे कायदे जाऊन नवे येत होते, आणि कुठला गेला नि कुठला आला याचा कुणालाच पत्ता नसायचा. आमच्या घरच्यांना बिदरला शिक्षकांच्या बैठकीत कळलं, की कारखान्यात काम करताना इजा झाली तर मालकानं भरपाई द्यायची असते, आणि त्यानं दिली नाही तर बिदरच्या अधिकाऱ्याकडं अर्ज करता येतो. घरी येऊन त्यांनी हे सांगितलं ते सहज बातमी सांगावी तसं. सांगून जेवायला बसले. मी म्हटलं, "मग अर्ज कधी लिहिताय?" त्यांच्या हातातला घास तिथंच राहिला.

भावजींनी ऐकलं आणि पानावरून उठले. "मी त्यांची गाडी हाकतो, आन् तुमी त्यांच्यावर दावा लावणार? तुमाला पगार सरकार देतंय. आमचं काय?" त्यांचंही खरं होतं. दाव्यानंतर त्यांचं काम राहील याची खात्री कुणीच देऊ शकत नव्हतं. पण मला सगळ्यात राग आला तो अक्काचा. ती चुलीपुढं डाव्या हातानं लाकडं सारत म्हणाली, "लेकीनं माहेरावर दावा लावल्यालं कुठं ऐकलीस का?"

"माहेर?" मी म्हटलं. "एक लुगडं दिलं की माहेर झालं व्हय?"

"तू दर सणाला माहेरी जातीस. तुला काय कळायचं?"

तिनं मला तोडून बोललेलं ते पहिलंच. मी माझा हेका सोडला नाही. मला तिचा हात दिसत होता. तिशीसुद्धा न गाठलेली बाई, रोज उठून तिला आपल्याच घरात दुसऱ्याच्या तोंडाकडं बघावं लागत होतं, पोटभर खाल्लं तरी आणि उपाशी राहिली तरी. अव्वांचा गोड शब्द तिला पुरत असेल, मला पुरत नव्हता. मी महिनाभर तिच्या मागं लागले. शेवटी तिनं अर्जावर डाव्या हाताचा अंगठा उठवला आणि म्हणाली, "तुझ्या मनासाठी. पर सायबानं मला इचारलं की तुझं मिटलं का, तर मी व्हय म्हणीन. मी ओटी घेतलीय. मला खोटं बोलायला लावू नको."

म्हणजे दावा कितीही भक्कम असला तरी सगळं तिच्या एका शब्दावर होतं, आणि तो शब्द तिनं आधीच दुसरीकडं देऊन ठेवला होता.

उन्हाळ्यात तारीख लागली. आदल्या दिवशी आम्ही तिघं बिदरला गेलो आणि तिथंच नौबादला आमच्या घरच्यांच्या एका मित्राकडं उतरलो. भावजी आले नाहीत. सकाळी निघताना अक्कानं अव्वांनी दिलेलं इरकली लुगडं नेसलं. मी म्हटलं, "अक्का, हे नेसून जायलाव? त्यांच्या वकिलाला आयतंच होईल." ती म्हणाली, "त्यांच्यापुढं जायलोय, त्यांचंच नेसावं."

कचेरीत अप्पा आधीच आलेले होते, बरोबर वकील आणि मुकादम. अक्कानं वाकून अप्पांच्या पायांना हात लावला. अप्पा म्हणाले, "कशी हैस बाळ?" ती म्हणाली, "बरी हाय अप्पा." मी दात खाऊन भिंतीकडं बघत राहिले. अधिकारी हैदराबादकडचे, उतारवयाचे, जाड काचांचा चष्मा. मराठी समजायची त्यांना, पण बोलायचे दखनीत. आम्हाला त्याची अडचण नव्हती, बिदरच्या बाजारात भाजी घेणाऱ्या कुठल्याही बाईला दखनी येते.

वकिलानं आधी नियम काढला. पाळण्यात चढायला बंदी होती, बाईनं ती मोडली, म्हणून मालकावर जबाबदारी नाही. अधिकाऱ्यांनी मुकादमाला विचारलं, "कपास ऊपर कैसे जाता?"

"पाळण्यातून, साहेब."

"और उतारता कौन?"

"बाया उतरवतात."

"तो बायाँ उड़ के जाते क्या ऊपर?"

मुकादम अप्पांकडं बघायला लागला. अधिकाऱ्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि वकिलाला म्हणाले, पुढं बोला.

मग वकिलानं दुसरा मुद्दा काढला, आणि तोच आमचं खरं मरण होतं. आपसात मिटलेलं आहे, तो म्हणाला. बाईची ओटी भरली, तिला लेक मानलं, चार माणसांत मानलं. या भागात एवढं झालं की दोन घरांत वैर राहत नाही, हे कुणालाही विचारा. अधिकाऱ्यांनी ओटी म्हणजे काय ते विचारून घेतलं. मग म्हणाले, असा तसफिया, म्हणजे आपसातली तडजोड, माझ्यापुढं नोंदवलेला नाही, म्हणून कायद्यात तो धरता येत नाही. पण बाई स्वतःच म्हणाली की माझं समाधान झालं, मला काही मागायचं नाही, तर मी तिला जबरदस्तीनं भरपाई कशी देऊ? तिला विचारतो.

अक्का उभी राहिली. तिचं उत्तर मला ठाऊक होतं आणि ते थांबवायला माझ्याकडं काहीच नव्हतं.

वकिलानं तिथं थांबायला हवं होतं. तो जिंकलाच होता. पण अप्पा व्यापारी माणूस आणि वकील त्यांचा. दिलं ते लिहून दाखवल्याशिवाय दोघांना चैन पडेना. वकिलानं एक कागद काढला आणि वाचायला लागला. इरकली लुगडं एक, त्याची किंमत. खण एक, किंमत. नारळ, खारीक, हळकुंडं. तांदूळ, किती ते. नंतर पाठवलेलं दूध. आमच्या दारापर्यंत आलेल्या गाडीचं भाडंसुद्धा त्यात होतं. प्रत्येक जिनसापुढं आकडा आणि खाली बेरीज. एवढं बाईला पोचलेलं आहे, तो म्हणाला.

अक्का इतका वेळ जमिनीकडं बघत होती. तिनं मान वर केली.

"अप्पा," तिनं विचारलं, "हे अव्वानं लिहायला सांगिटलं का?"

अप्पा जरा घुटमळले. वाईट माणूस नव्हता तो. मऊ आवाजात म्हणाले, "व्यवहार हाय बाळ. कागदावर सगळं यावं लागतं."

"व्हय," अक्का म्हणाली. "दूध बी आलं."

अधिकाऱ्यांनी विचारलं, "बोलो माँ, तसफिया हुआ?"

अक्कानं कमरेची गाठ सोडली. त्या लुगड्याबरोबर आलेला खण तिनं कमरेला खोचलेला होता, ते मला तोवर माहीत नव्हतं. डाव्या हातानं आणि दातानं तिनं तो सोडला. आत मूठभर तांदूळ.

"साहेब," ती म्हणाली, "अप्पा म्हणत्यात ते खोटं न्हाई. मला लेक म्हणलं, माझी ओटी भरली. पर ओटी भरली की त्यातलं पाच दाणं उजव्या हातानं माघारी घालायचं असत्यात, त्यांचं घर भरल्यालं ऱ्हावं म्हणून. तवा माझा हात बांधल्याला व्हता. अव्वा म्हणल्या, हात बरा झाला की घाल." तिनं उजवा हात पुढं केला. त्या दोन ताठ बोटांत दाणा धरता येत नाही हे कुणाला सांगायची गरज नव्हती. "मी वाट बघितली. हात काय बरा झाला न्हाई. म्हणून ओटी अर्धीच ऱ्हायली साहेब. मिटलंय म्हणून मी कसं सांगू?"

अधिकाऱ्यांनी तेही कागदावर लिहून घेतलं. मग म्हणाले, "मतलब, लेन-देन पूरा नहीं हुआ."

"लेनदेन न्हाई साहेब," अक्का म्हणाली. "ओटी पुरी झाली न्हाई. लेनदेन तर त्यांनी आत्ता वाचलं."

"राज़ी हो या नहीं?"

"न्हाई."

तिनं तांदूळ परत बांधले. एका हातानं गाठ बसेना, म्हणून मी पुढं होऊन मारून दिली. मला फार अभिमान वाटला तिचा, आणि भीतीही वाटली. भरल्या कचेरीत तिनं एक शब्दही खोटा न बोलता आपल्या हाताची भरपाई मागून घेतली होती. आणि त्याच शब्दात तिनं काय सोडून दिलं, ते मला तेव्हा नीटसं कळलं नव्हतं. बाहेर आल्यावर मी तिला उसाचा रस पाजला. तो तिनं निम्माच प्यायला.

आषाढात निकाल आला, आमच्या बाजूनं. अंगठ्याला किती, कुठल्या बोटाला किती, हे कायद्यात आधीच ठरलेलं असतं, हे आमच्या घरच्यांनी वाचून सांगितलं तेव्हा भावजींचे डोळे विस्फारले. "मग डाव्या हाताचा भाव येगळा असतो का?" त्यांनी विचारलं. अक्का म्हणाली, "इचारून ठेवा, तुमाला गाडी हाकताना उपेगी पडंल." बऱ्याच दिवसांनी घरात सगळे हसले. त्या पैशांतून म्हैस घेतली. म्हैस अक्काची, दूध विकून येईल ते अक्काचं, पण धार काढायचं काम भावजींकडं आलं. पहिल्या दिवशी म्हशीनं त्यांना लाथ मारली आणि अख्खी गल्ली बघायला जमली.

अप्पांनी भावजींना कामावरून काढलं नाही. गाडी काढून घेतली आणि गाठी उचलायला लावलं. पाळण्याला मात्र त्याच पावसाळ्यात कठडा बसला. बाया अक्काला येऊन सांगायच्या. ती ऐकून घ्यायची आणि दुसरं काहीतरी बोलायची.

दावा लावला हे चुकलं असं मला आजही वाटत नाही. तो लावला नसता तर ती बाई आयुष्यभर सरकीच्या ढिगाकडं दुरून बघत बसली असती. पण अव्वांचा विचार करते तेव्हा मी अजून अडखळते. त्यांनी ओटी भरली ती मनापासून, की नवऱ्यानं पाठवलं म्हणून? त्या वेळी मी छातीठोक सांगितलं असतं, नवऱ्यानं पाठवलं म्हणून. आता इतकं छातीठोक सांगता येत नाही. त्यांनाही लेक नव्हती. ओटीत तांदूळ घालताना एक दाणाही खाली सांडू नये म्हणून त्या जपत होत्या, ते मी पदराचं टोक धरून जवळून पाहिलं होतं. तो कागद त्यांना दाखवला होता का, तेही मला कधी कळलं नाही. बाजारात दिसल्या की त्या रस्त्याच्या पलीकडं व्हायच्या. रागानं की लाजेनं, देव जाणे.

श्रावणात पंचमी आली. आमच्याकडं पंचमी लेकींची. सकाळपासून माहेरच्या गाड्या येतात आणि दुपारपर्यंत गल्लीतल्या सुना निघून जातात. मला न्यायला मुडबीहून भाऊ आला होता. मी बांगड्या, लुगडी बांधत होते. अक्का सकाळी लवकर न्हाली, केस माझ्याकडून विंचरून घेतले, आणि ते इरकली लुगडं नेसून उंबऱ्याशी बसली. मला वाटलं सण म्हणून नेसली असेल. मग बघितलं, गल्लीत गाडी वळल्याचा आवाज आला की ती बोलता बोलता थांबते. गाडी दुसऱ्याच्या दारात थांबली की पुन्हा बोलायला लागते. असं दोन-तीनदा झाल्यावर माझ्या लक्षात आलं. दाव्यात त्यांच्याकडून पैसे घेऊनसुद्धा ती अव्वांच्या गाडीची वाट बघत होती. तिच्या हिशेबात दावा वेगळा होता आणि लेक म्हटलेलं वेगळं. कागद वाचला होता अप्पांच्या वकिलानं, अव्वांनी नाही.

दुपार कलली. शेवटची गाडीही गेली. माझा भाऊ बैल जुंपून मला हाका मारत होता. मी अक्काजवळ जाऊन बसले आणि म्हटलं, "अक्का, चला माझ्यासंगं मुडबीला. आई दोघींची ओटी भरंल. मी सांगते तिला."

तिनं माझ्याकडं बघितलं. रडत नव्हती.

"भरंल की," ती म्हणाली. "तू सांगिटल्यावर तुझी आई कामून न्हाई भरणार? पर बाई, भरपाई मागून मिळती. माहेर मागून मिळत न्हाई."

मग ती उठली, आत जाऊन रोजचं लुगडं नेसली आणि इरकली घडी घालायला लागली. एका हातानं नीट जमेना म्हणून मी दुसरं टोक धरलं. बाहेर भावजी धार काढायला आले होते, त्यांना तिनं चरवी नेऊन दिली. मी भावाला जाऊन सांगितलं की बैल सोड, मी पुढच्या सोमवारी येते. तो चिडला, आई वेशीवर उभी असेल म्हणाला. त्या पंचमीला मी मुडबीला गेले नाही.